जपानी ग्लेझ आणि ग्लेझखालचे रंग: गोसू, ओनी-इता आणि राख

ग्लेझ म्हणजे भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा थर. जपानी ग्लेझची कृती विचारली तर उत्तर एका ओळीत संपतं: फेल्डस्पार (वितळून काच होणारं खनिज) ७०, लाकडाची राख ३०, १२५० अंशांना भाजा. एवढ्यावर एकाला मधासारखं पारदर्शक ग्लेझ मिळतं, दुसऱ्याला शेवाळी, आणि तिसऱ्याचा प्याला ओघळून शेल्फला असा चिकटतो की छिन्नीनेच निघतो. वजनं तिघांनीही बरोबर केलेली असतात. राख कुठल्या झाडाची, ती किती पाण्यांत धुतली, भांड्यावर थर किती चढला, हे कृतीत लिहिलेलं नसतं. ग्लेझखालच्या रंगांची गत वेगळी नाही. कोबाल्ट किती टक्के हे सगळे विचारतात, तो किती तास घोटला हे कुणी विचारत नाही. म्हणून खाली कृती आहेत, पण जास्त जागा त्यांच्याआधीच्या कामाला दिली आहे.

हे सगळं १२२० ते १३०० अंश सेल्सिअसचं प्रकरण आहे. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या माठ-पणत्यांच्या भट्ट्या एवढ्या तापत नाहीत, आणि तापवल्या तरी ती लाल माती फुगून बसकण मारेल. स्टोनवेअर किंवा पोर्सिलिनची माती हवी, आणि गॅसची भट्टी असेल तर उत्तम. विजेच्या भट्टीत ओरिबे हे हिरवं ग्लेझ आणि काळी लोहग्लेझं छान होतात. शिनो या जाड पांढऱ्या ग्लेझचा खरा रंग तिथे येत नाही, कारण त्याला धुरकट, कमी ऑक्सिजनची आच लागते.

गोसू

पांढऱ्या भांड्यावरच्या निळ्या कामाला जपानीत ‘सोमेत्सुके’ म्हणतात. क्यूशू बेटावरच्या आरिता गावी १६१६च्या सुमारास पोर्सिलिन सुरू झालं असं परंपरा मानते. तिथला निळा रंग सुरुवातीला चीनहून नागासाकीमार्गे यायचा. तो गोसू म्हणजे खनिजच, कोबाल्टबरोबर मँगनीज, लोह आणि थोडं निकेल पोटात घेऊन आलेलं. १८७० मध्ये गोटफ्रीड वागेनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने आरिताला युरोपीय शुद्ध कोबाल्ट वापरायला शिकवलं. ते स्वस्त पडलं, दर वेळी सारखं आलं, आणि डोळ्यात खुपायलाही लागलं. नुसतं कोबाल्ट ऑक्साइड पाण्यात कालवून रंगवलंत तर भांडं कपड्यांना घालायच्या निळीसारखं दिसतं. जुन्या भांड्यांतला मवाळ, किंचित राखाडी निळा हा त्या ‘अशुद्ध’ धातूंचा गुण आहे. आज दुकानांत मिळणारा गोसूही ते धातू मुद्दाम घालूनच तयार करतात.

घरी करायचा तर सुरुवातीला वजनी हे प्रमाण घ्या: कोबाल्ट ऑक्साइड १५, मँगनीज डायऑक्साइड १५, लाल आयर्न ऑक्साइड १०, बिस्कच्या (ग्लेझआधीच्या पहिल्या, कमी आचेच्या) भट्टीत भाजून घेतलेलं केओलिन (पांढरी चिनी माती) ५०, आणि जे पारदर्शक ग्लेझ वर लावणार तेच कोरडं १०. निकेल सोडून द्या, विषारी आहे आणि त्यावाचून फारसं अडत नाही. केओलिन रंगाला अंग देतं. ते भाजून घ्यायचं, कारण कच्चं केओलिन वाळताना आणि भाजताना आकसतं आणि वरचं ग्लेझ उचलतं. शेवटचे १० भाग ग्लेझचे, कारण हे धातू नुसते असले तर भांड्याला धरत नाहीत. मँगनीज आणि कोबाल्ट कोरडे हाताळताना चांगला मास्क हवा, नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

आता घोटणं. पोर्सिलिनच्या किंवा काचेच्या खलात पाणी घालून १०० ग्रॅम मिश्रण निदान ३-४ तास घोटायचं. (स्वयंपाकघरातला खलबत्ता आणलात तर तो परत नेऊ नका.) झालं की नाही ते पांढऱ्या टाइलवर थेंब ओढून बघा. रेघेत बारीकशीही काळी टिकली दिसली तर ती भट्टीत मोहरीएवढा निळा-काळा डाग होऊन बसेल. दुकानातला तयार गोसूही तासभर घोटल्याशिवाय वापरू नये.

घोटलेला रंग साध्या पाण्यात साका धरून खाली बसतो, आणि भांड्यावर वाळला की बोटाने पुसला जातो. जपानी कुंभार तो चहात कालवतात. तिथला हलक्या प्रतीचा ‘बांचा’ उकळून त्याचा काढा करतात. अर्धा लिटर पाण्यात २० ग्रॅम चहा टाकून निम्मं होईतो उकळा, गार करून फडक्यातून गाळा. चहातलं टॅनिन बारीक कण तरंगते ठेवतं आणि वाळल्यावर रंगावर पातळ कातडी धरतं. त्यामुळे ग्लेझमध्ये बुडवताना रेघ फिसकटत नाही. आपली साधी भुकटी चहाही चालते, फक्त दूधसाखरेविना. लोह आणि टॅनिन भेटले की मिश्रण शाईसारखं काळं पडतं, त्याने घाबरू नका. चहाऐवजी डिंक घालायचा मोह होतो. थोडा चालतो, जास्त झाला की ग्लेझ त्या जागी चिकटत नाही.

काम बिस्कवर, म्हणजे एकदा भाजलेल्या भांड्यावर करायचं. बिस्क ८०० ते ९०० अंशांचं, आणि ओल्या स्पंजने पुसून धूळ काढलेलं. धूळ राहिली तर तिथे रंगही धरत नाही आणि ग्लेझही. नक्षी उतरवायला कागदावर कोळशाने रेघा काढून कागद भांड्यावर घासतात. कोळसा भट्टीत जळून जातो, डाग राहत नाही.

रंगकामाचे दोन टप्पे. आधी बारीक कुंचल्याने दाट रंगात बाह्यरेघा. मग ‘दामी’, म्हणजे रेघांच्या आतली जागा पातळ रंगाने भरणं. दामीचा कुंचला जाडजूड असतो, टोक निमुळतं, पोटात भरपूर पाणी धरणारा. भांडं असं तिरकं धरायचं की भरायची जागा जवळजवळ आडवी होईल. कुंचला बोटांनी हलका दाबला की टोकाशी रंगाचं छोटं तळं साचतं. कुंचल्याने भांडं घासायचं नाही, ते तळं पुढे पुढे न्यायचं. बिस्क खालून पाणी शोषत असतं, म्हणजे जिथे तळं दोन सेकंद जास्त थांबलं तिथे निळा गडद होणारच. पानाच्या देठाकडून टोकाकडे एका दमात जायचं आणि शेवटी उरलेला थेंब कुंचल्याच्या टोकाने परत शोषून घ्यायचा. मधे थांबून पुन्हा सुरुवात केलीत तर जोडावर गडद कड दिसते आणि ती कशानेही जात नाही. आरितामध्ये हे स्वतंत्र कसब मानलं जातं, रेघा काढणारा हात वेगळा आणि दामी करणारा वेगळा. दामीचा रंग भांड्यावर फिका वाटला पाहिजे. ओला असताना ‘बरोबर’ वाटणारा रंग भाजल्यावर हमखास जास्त निघतो.

बिघडतं ते बहुतेक दाटपणामुळे. रंग जाड बसला की तिथे धातूसारखी काळी, कोरडी चमक येते, किंवा ग्लेझ त्या रेघेवरून दोन्ही बाजूंना सरकून उघडी पट्टी सोडतं. फार पातळ बसला तर ग्लेझ तो गिळून टाकतं. रेघेची कड धुरकट होऊन निळा आजूबाजूला पसरला असेल तर दोष बहुधा ग्लेझचा असतो. एक तर ते जास्त वितळलंय, किंवा थर जाड झालाय आणि रंग त्यात तरंगतोय. आरिताची पोर्सिलिन रिडक्शनमध्ये, म्हणजे कमी ऑक्सिजनच्या आचेत, १३०० अंशांच्या आसपास भाजतात. तिथे ग्लेझमधलं नाममात्र लोह किंचित निळसर झाक देतं, त्यावर निळं काम थंड आणि खोल दिसतं. तोच गोसू ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भरपूर हवेच्या आचेत, उबदार, जरासा जांभळट होतो.

गोसूची सगळ्यात चतुर करामत म्हणजे ‘सुमी-हाजिकी’. इमारीजवळच्या ओकावाची गावात नाबेशिमा सरदार घराण्याची खास भट्टी होती, तिथल्या भांड्यांवर ही दिसते. लिहायच्या काळ्या शाईने, सुमीने, बिस्कवर नक्षी काढायची. शाईत काजळी आणि प्राणिज सरस असतो. वाळल्यावर त्यावरून गोसूची दामी फिरवायची. सरसामुळे शाईची रेघ पाणी झटकते आणि रंग फक्त भोवतीच्या जागेत बसतो. मग भांडं पुन्हा बिस्कला भाजायचं. शाई जळते आणि निळ्याच्या पोटात पांढरी रेघ उरते. ही मधली भाजणी वाचवायला जाऊ नका. शाई शिल्लक असेल तर ती ग्लेझलाही तशीच झटकते. आरिताच्या कुंभार घराण्यातले चौदावे इमाइझुमी इमाएमोन यांनी हेच तंत्र आजच्या कामात खूप पुढे नेलं. २०१४ मध्ये त्यांना जपानचा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला.

लोह

निळ्याला नजाकत लागते, लोहाला नाही. काराट्सू आणि मिनो या कुंभारकामाच्या भागांतल्या भांड्यांवरची गवताची पाती, कुंपणं, दोन फटकाऱ्यांतला पक्षी हे सगळं ‘ओनी-इता’चं काम. ओनी म्हणजे राक्षस, इता म्हणजे फळी. मिनो आणि त्याच्या शेजारच्या सेतोच्या मातीच्या थरांत लोहाने घट्ट झालेल्या तपकिरी पापुद्र्यांसारखा हा दगड सापडतो. तो भाजतात, कुटतात, पाण्यात वाटून वरचं गढूळ पाणी वेगळं करतात आणि त्याचा बसलेला साका वापरतात. त्यात माती आणि वाळू असल्यामुळे नुसत्या आयर्न ऑक्साइडसारखा तो एकसुरी दिसत नाही. एकाच फटकाऱ्यात काळा, तपकिरी आणि तांबडा असे तिन्ही रंग येतात.

दुसरं लोह म्हणजे ‘बेंगारा’, बारीक लाल आयर्न ऑक्साइड. हे नाव ‘बंगाल’वरून आलं, कारण हा माल जपानला बंगालचा म्हणून ठाऊक होता. पुढे ओकायामा भागातलं फुकिया हे गाव बेंगाराच्या धंद्यावर श्रीमंत झालं. तिथला बेंगारा आरिता आणि कुतानीच्या भांड्यांवरच्या लाल रंगात जायचा. तो लाल मात्र ग्लेझच्या वरचा, सुमारे ८०० अंशांना बसवलेला. बेंगारा ग्लेझखाली घातलात तर १२५० अंशांना लाल राहणार नाही, तपकिरी किंवा काळाच होणार. हा गोंधळ नेहमी होतो.

ओनी-इताऐवजी आयर्न ऑक्साइड ६० आणि तुमच्याच भांड्याची माती ४० घ्या, चहात कालवा. गेरू वापरायचा असेल तर आधी चमचाभर भाजून बघा, कारण रंग मिसळलेला आणि खडूची भर घातलेला गेरू सर्रास मिळतो. खडू म्हणजे कॅल्शियम. ते ग्लेझ वितळवतं आणि रेघ धावते. कोकणात जांभ्याची लालगर्द पूड वस्त्रगाळ करून वापरता येते. पण जांभ्यात लोहाबरोबर ॲल्युमिनाही भरपूर असतो, त्यामुळे रेघ कोरडी आणि खरखरीत राहते. त्यात ५ ते १० टक्के फेल्डस्पार मिसळला की ती ग्लेझशी जुळते.

राख

वखारीतली किंवा चुलीतली राख थेट बादलीत टाकणं ही पहिली चूक. लाकडात खिळे, प्लायवूड, रंगवलेली फळी नको. राख उघड्यावर, मास्क लावून, जाड चाळणीतून काढा आणि तिच्या दसपट पाण्यात सोडा. वर तरंगणारा कोळसा काढून टाका. मग ६० आणि पुढे ८० मेशच्या (इंचाला तेवढी भोकं असलेल्या) चाळणीतून ओलीच गाळा. दुसऱ्या दिवशी वरचं पिवळट, निवळलेलं पाणी ओता. ते बोटांना बुळबुळीत लागतं, कातडी खातं, तेव्हा हातमोजे घालाच. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा निवळणं. रोज एकदा केलंत तर आठवडा-दोन आठवडे जातात. पाणी बुळबुळीत लागेनासं झालं आणि पीएच पट्टी ९च्या खाली आली की थांबा. साका बिस्कच्या पसरट भांड्यात ओतून वाळवा.

धुवायचं कशासाठी? राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळतं. न धुतलेली राख वापरलीत तर ते पाण्याबरोबर बिस्कमध्ये शिरतं आणि वाळताना काठाशी येऊन साचतं. तिथे ग्लेझ फुगतं, सोलवटतं किंवा ओघळतं. शिवाय बादलीतलं पाणी प्रत्येक वेळी वर-खाली झालं की कृतीच बदलते, आजचं ग्लेझ महिन्यानंतर तेच राहत नाही. उलट बाजूने, मुद्दाम ओघळ हवे असतील तर एक-दोन पाण्यांत धुतलेली राख काही कुंभार पसंत करतात. तो निर्णय जाणून घेतलेला असावा.

जपानी कुंभार ‘राख’ असं मोघम म्हणत नाहीत. ‘दोबाई’ म्हणजे मिश्र लाकडांची राख, कॅल्शियम जास्त, थोडं लोह, थोडा फॉस्फरस. आरितासाठी ‘इसु’ झाडाची राख, कारण तिच्यात लोह फार कमी आणि पोर्सिलिनचं ग्लेझ पांढरं राहतं. ‘वाराबाई’ म्हणजे भाताच्या पेंढ्याची राख, ‘नुका’ म्हणजे तुसाची. ही शेवटची दोन वेगळ्याच जातीची आहेत. लाकडाची राख ग्लेझ वितळवते. पेंढ्याची आणि तुसाची राख मुख्यतः सिलिका असते आणि ग्लेझ घट्ट, दुधाळ करते. फेल्डस्पार ४०, दोबाई ३०, वाराबाई ३० घेतलंत की हागी-काराट्सूच्या पांढऱ्या ग्लेझची ओळख पटते. खाली लोहाचा पातळ हात दिला तर हेच पांढरं निळसर होतं.

तूस जाळताना आच मंद ठेवा, काळपट राख निघाली तरी चालेल. फार तापली की तुसातली सिलिका स्फटिक धरते, कण कडक होतात, वाटले जात नाहीत, आणि त्यांची धूळ फुप्फुसांना जास्त घातक असते. भंडारा-गोंदियाकडच्या भातगिरण्यांतली तुसाची राख फुकटच्या भावात मिळते, पण बॉयलरमधली राख बऱ्याचदा अशीच तापलेली असते. ती बॉल मिलमध्ये (गोट्या भरलेल्या फिरत्या पिंपात) ओली वाटल्याशिवाय उपयोगाची नाही.

या सगळ्याचं टोक माशिकोत सापडतं. टोकियोच्या उत्तरेला असलेल्या या गावात हामादा शोजी हे कुंभार १९२४ पासून राहिले आणि तिथल्या साध्या ग्लेझना जगभर नाव मिळालं. तिथलं तांबूस-तपकिरी ‘काकी’ ग्लेझ आशिनुमा नावाच्या स्थानिक दगडाची नुसती पूड आहे. त्याच दगडात राख घातली की काळं ग्लेझ.

शिनो

मोमोयामा काळातलं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरचं हे ग्लेझ मिनोचं. ते सेतोचं आहे अशी समजूत १९३० पर्यंत होती. त्या वर्षी आराकावा तोयोझो या कुंभाराला मिनोतल्या ओगायाच्या जुन्या भट्टीपाशी शिनोचा तुकडा सापडला आणि ती मोडली. कृती लाजिरवाणी सोपी आहे: फेल्डस्पार ९२, चिकट पांढरी माती ८. अमेरिकी शिनोत सोडा ॲश असते, तिच्यामुळे काजळी ग्लेझमध्ये अडकते. ते छान दिसतं, पण ते १९७० च्या दशकातलं वेगळं ग्लेझ आहे. मिनोचं शिनो म्हणून ते दाखवू नये.

शिनो जाड लागतं, २ ते ३ मिलिमीटर. नुसता फेल्डस्पार बादलीच्या तळाशी दगडासारखा बसतो. जपानात त्यात टोफू गोठवायला वापरतात ती ‘निगारी’ घालतात, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. आपल्याकडे एप्सम सॉल्ट सहज मिळतं. १ किलो कोरड्या ग्लेझला २ ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. भांड्यावरची पकड वाढवायला ‘फुनोरी’ या समुद्री शेवाळाची पातळ खळ घालतात. सीएमसी ही सेल्युलोजची खळही तेच काम करते.

वितळलेला फेल्डस्पार मधापेक्षाही चिवट असतो. आतले बुडबुडे वर येऊन फुटतात, पण जागा भरून निघत नाही. म्हणून पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी भोकं राहतात. जपानी रसिकाला ती हवीच असतात, त्यांना ‘युझुहादा’ म्हणतात, युझु या लिंबाची साल. बुडाशी ग्लेझ थेंबाथेंबांनी गोळा झालेलं असेल तर ते ‘काइरागी’. ‘इदो’ या कोरियन प्रकारच्या चहाच्या वाडग्यात त्याचं कौतुक होतं. तेच रोजच्या जेवणाच्या ताटात आलं तर अन्न अडकतं. दोष की गुण, ते भांड्यावर ठरतं.

‘ए-शिनो’मध्ये या जाड थराखाली ओनी-इताची रेघ असते. लोह हळूहळू वर विरघळत येतं. थर पातळ तिथे रेघ तांबूस, जाड तिथे करडी, फार जाड तिथे नाहीशी. ‘नेझुमी-शिनो’त उलटं करतात. अख्ख्या भांड्याला लोहाचा पातळ लेप देतात, नक्षी खरवडून पांढरी माती उघडी करतात आणि वरून शिनो. लेप उंदरासारखा करडा होतो, नक्षी पांढरी राहते. काठाशी येणारी केशरी झाक, ‘हि-इरो’, ही मातीतल्या थोड्या लोहाची करामत, आणि ती येते भट्टी गार होताना. लोह तेव्हाच हवेतला ऑक्सिजन परत घेतं. घाईने गार केलेली भट्टी शिनोला पांढऱ्या साबणासारखं करून सोडते. ९०० ते ९५० अंशांपासून हलकं रिडक्शन, १२३०-१२५० पर्यंत सावकाश, आणि खाली येताना निदान दोन दिवस भट्टी उघडू नका.

ओरिबे

चहागुरू आणि सरदार फुरुता ओरिबे (१५४४-१६१५) यांच्या नावाचं हे हिरवं ग्लेझ. मिनोतल्या मोतोयाशिकी इथे काराट्सूच्या धर्तीची, डोंगरउतारावर चढत जाणाऱ्या खोल्यांची भट्टी आली आणि ओरिबे भरभरून निघू लागलं. फेल्डस्पार ५५, दोबाई ३५, सिलिका किंवा वाराबाई १०, आणि त्यावर कॉपर ऑक्साइड ५ टक्के. कॉपर कार्बोनेट वापरत असाल तर ७ टक्के घ्या, कारण तेवढ्याच तांब्यासाठी ते सुमारे १.४ पट लागतं. १२२० ते १२५०, स्वच्छ ऑक्सिडेशन. जरा धूर झाला की हिरव्यात यकृताच्या रंगाचे लाल डाग. आणि तांबं उडतं, शेजारच्या पांढऱ्या भांड्याला गुलाबी झाक देऊन जातं. ओरिबेच्या शेजारी कोण बसणार ते भट्टी भरतानाच ठरवा.

पारंपरिक ओरिबे अख्खं हिरवं क्वचितच असतं. एका कोपऱ्यावर ओगराळ्याने हिरवं ओततात, उरलेल्या भागावर लोहाची नक्षी आणि पारदर्शक ग्लेझ. आधी पारदर्शक लावून घ्या, मग हिरवं. दोन्ही जिथे एकमेकांवर चढतात तो पट्टा सगळ्यात जाड, ओघळ तिथूनच सुरू होतो. म्हणून तो बुडापासून दोन बोटं वर ठेवा.

भट्टीतून निघालेलं ओरिबे निराश करतं. वर तांब्याची मळकट, तेलकट चमकणारी साय असते. जपानी कुंभार ओकच्या फळांच्या टोप्या पाण्यात कुजवून त्या तुरट पाण्यात भांडी रात्रभर बुडवतात. साय निघते, हिरवा खाली स्वच्छ दिसतो, आणि ग्लेझमधल्या केसासारख्या तड्यांत तपकिरी रंग शिरून जाळी उठते. आजकाल बरेच जण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. त्याने काम लवकर होतं, पण जाळीचा तो रंग मिळत नाही. हिरडाही तसाच टॅनिनवाला आहे. हिरड्याचं पाणी आधी एखाद्या चाचणी-तुकड्यावर लावून बघा.

थराची मापं

डोळ्यांनी ‘दुधासारखं’ किंवा ‘सायीसारखं’ ठरवू नका. जपानी कारखान्यांत द्रवाचा दाटपणा मोजणारी बोमे मापी असते. ती नसेल तर १०० मिलीचं भांडं आणि वजनकाटा पुरे. गोसूवरचं पारदर्शक ग्लेझ १०० मिलीला १४० ते १४५ ग्रॅम, राखेचं १४५ ते १५०, शिनो १६० च्या वर. १४५ ग्रॅम म्हणजे बोमे ४५. मग बुडवायचे सेकंद मोजा, ३ पासून सुरू करा. ८०० अंशांचं बिस्क ९०० च्या बिस्कपेक्षा जास्त पाणी पितं, म्हणजे सेकंद तेच ठेवले तरी थर वेगळा. वाळल्यावर टाचणीने टोचून थराची जाडी मोजा आणि वहीत लिहा.

चाचणीसाठी सपाट टाइल निरुपयोगी, ओघळ कळतच नाही. उभी राहणारी, इंग्रजी एल आकाराची पट्टी करा. तिच्यावर गोसू किंवा ओनी-इताच्या तीन रेघा: दाट, मध्यम, फिकी. वरचा अर्धा भाग ग्लेझमध्ये दोनदा बुडवा, खालचा एकदा. एका पट्टीवर सहा उत्तरं मिळतात. पट्टी मातीच्या छोट्या ताटलीत उभी करा, नाहीतर शेल्फ खरवडण्यात संध्याकाळ जाईल. मागे नंबर आयर्न ऑक्साइडने लिहा, पेन्सिल भट्टीत जळून जाते.

तांब्याचं ग्लेझ खाण्याच्या भांड्याला लावायचं असेल तर भाजलेल्या पट्टीवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन उजेडात बघा. फोडीच्या जागी हिरवा फिका पडलेला दिसला तर ते ग्लेझ फुलदाणीला ठेवा, लोणच्याच्या वाटीला नको. शंका राहिलीच तर प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक आम्लाची २४ तासांची चाचणी करून घ्या. ती मुळात शिसं आणि कॅडमियमसाठी आहे, पण त्याच द्रावणात तांबंही मोजून मागता येतं.